राजगड–तोरणा–रायगड: पहिल्या रेंज ट्रेकची पाच दिवसांची आखणी

राजगड–तोरणा–रायगड ही वाट सरावलेले भटके तीन दिवसांत करतात. पहिल्यांदा जाणाऱ्यांनी पाच दिवस घ्यावेत. एका दिवसाच्या ट्रेकमध्ये झालेली चूक घरी जाऊन झोपलं की भरून निघते. रेंज ट्रेकमध्ये, म्हणजे डोंगररांगेतून सलग अनेक दिवस चालताना, ती दुसऱ्या दिवशी सॅकबरोबर पुन्हा पाठीवर चढते. पहिल्या दिवशी पाणी कमी प्यायलं तर दुसऱ्या दिवशी पायात गोळे येतात, आणि दुर्लक्ष केलेला फोड चौथ्या दिवशी भर नाळेत, म्हणजे कड्यातल्या अरुंद घळीत, खाली बसवतो.

दुसरी गोष्ट, आखणी किलोमीटरवर करू नका, पाण्यावर करा. सह्याद्रीच्या धारेवर, म्हणजे डोंगराच्या अरुंद कण्यावर, पाणी नसतं. ते गडावरच्या टाक्यांत असतं, गावात असतं, नाहीतर थेट खाली कोकणात असतं. एका खात्रीच्या पाण्यावरून दुसऱ्या खात्रीच्या पाण्यापर्यंत दिवसाउजेडी पोचता आलं की तो दिवस बरोबर आखला गेला. खालची पाच दिवसांची मांडणी याच हिशेबाने केली आहे.

कधी जायचं

नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत. ऑक्टोबरमध्ये टाकी भरलेली असतात, पण गवत कमरेइतकं असतं, वाट दिसत नाही आणि दुपारचं ऊन भाजतं. मार्चपासून पाणी आटतं, कारवीच्या रानाची सावली विरळ होते आणि उघड्या धारेवर उन्हाचा झटका बसायला वेळ लागत नाही. पावसाळ्यात हा ट्रेक करूच नये. नाळ म्हणजे मुळात पाण्याची वाट. घाटमाथ्यावर कोसळलेला पाऊस तिथूनच दगडांसकट खाली येतो.

डिसेंबरमध्ये सूर्य सातच्या सुमारास उगवतो आणि सहाच्या सुमारास मावळतो. म्हणजे हातात अकरा तास. त्यातले शेवटचे दोन तास राखीव धरायचे, रोज दुपारी चारपर्यंत मुक्कामी पोचायचं. वाट चुकली, कुणाचा पाय मुरगळला, तर हेच दोन तास कामी येतात.

आधीचे सहा आठवडे

जिममधलं ट्रेडमिल या कामाला पुरत नाही, कारण खरा त्रास उतारावर होतो. दर आठवड्याला एकदा पाठीवर ८ किलो घेऊन डोंगर चढा आणि उतरा. पुणेकरांना आतकरवाडीतून सिंहगड सोयीचा, मुंबईकरांना माथेरानच्या आसपासच्या वाटा. चौथ्या आठवड्यात लागोपाठ दोन दिवस चढा. दुसऱ्या दिवशी गुडघा आतून दुखला किंवा खाली उतरताना मांड्या थरथरल्या, तर तारीख पुढे ढकला. दम लागला तर चालेल, दम थांबलं की परत येतो. गुडघा तसा परत येत नाही.

नवे बूट घालून निघू नका. चाळीस-पन्नास किलोमीटर चाललेले, तळाची खाच शिल्लक असलेले आणि पायाच्या मापापेक्षा अर्धा नंबर मोठे बूट हवेत. लांब उतारावर पाऊल पुढे सरकतं आणि अंगठा बुटाच्या टोकावर आपटत राहतो. नखं काळी पडतात ती याने. निघायच्या दोन-तीन दिवस आधी पायाची नखं कापा. आदल्या रात्री कापली तर कडा टोचतात.

सॅकमध्ये काय, किती

४५ ते ५० लिटरची सॅक पुरते. पाणी आणि जेवण धरून वजन शरीराच्या पाचव्या हिश्शाच्या आत ठेवा. ६० किलोच्या माणसाला १२ किलो ही वरची हद्द, ९-१० असेल तर उत्तम. सॅक भरून घरातला वजनकाटा वापरा. हाताने उचलून येणारा अंदाज नेहमी कमी असतो.

कपडे दोन जोड. एक चालायचा, एक झोपायचा. झोपायचा जोड कोरडाच राहिला पाहिजे, तो प्लास्टिकच्या पिशवीत तळाशी. चालायचा शर्ट पूर्ण बाह्यांचा, कारण कारवी आणि करवंदीच्या जाळ्या हात सोलतात. सुती बनियन आणि जीन्स टाळा. घाम धरून ठेवतात, संध्याकाळी थंडी भरते आणि मांड्या घासून कातडी जाते. मोजे तीन जोड, पैकी एक फक्त रात्रीचा. टोपी, पातळ पंचा, एक स्वेटर किंवा जॅकेट. जानेवारीत घाटमाथ्यावर पहाटे चांगलीच थंडी असते, त्यामुळे हलकी स्लीपिंग बॅग आणि कॅरीमॅट दोन्ही लागतात. कॅरीमॅट नसेल तर देवळाची फरशी रात्रभर अंगातली ऊब ओढून घेते.

पाण्याच्या तीन बाटल्या, प्रत्येकी एक लिटर. एकच तीन लिटरची पिशवी नको, ती फाटली की सगळं गेलं. डोक्याला लावायची टॉर्च आणि तिचे जादा सेल. मोबाइलच्या टॉर्चवर भिस्त ठेवू नका, शिडीवर दोन्ही हात मोकळे लागतात. शिट्टी, काडेपेटी, छोटं खुरपं, कचऱ्यासाठी दोन मजबूत पिशव्या.

औषधांत रुंद चिकटपट्टी, जंतुनाशक मलम, क्रेप बँडेज, ओआरएसची माणशी दहा पाकिटं, पॅरासिटामॉल, जुलाबाचं आणि ॲलर्जीचं औषध डॉक्टरांना विचारून. दमा, मधुमेह किंवा मधमाशीच्या विषाची ॲलर्जी असणाऱ्यांनी ते सगळ्या गटाला आधी सांगितलं पाहिजे, आणि औषध सॅकच्या कुठल्या कप्प्यात आहे तेही.

जड वस्तू पाठीला लागून, खांद्यांच्या पाठीमागे येतील अशा ठेवा. जड सामान तळाशी गेलं की सॅक मागे ओढते आणि माणूस वाकून चालतो. बाहेर काही लटकवू नका. कॅरीमॅटसुद्धा उभी बांधा, आडवी बांधली तर कारवीत अडकत राहते.

जेवण

सकाळी चहा आणि कांदेपोहे किंवा उपमा. दुपारी चूल पेटवायची नाही. दशम्या, गूळपोळी, शेंगदाण्याची चटणी, खजूर, चिक्की, भाजलेले शेंगदाणे. यातलं थोडं थोडं दर दोन तासांनी खायचं. एकदम पोटभर जेवून चढाला लागलं की मळमळतं. रात्री खिचडी, माणशी ८० ग्रॅम तांदूळ, ४० ग्रॅम मूगडाळ, चवीपुरतं तूप आणि मीठ. डाळ-तांदूळ अर्धा तास भिजवले तर कुकर लागत नाही आणि गॅसही वाचतो. हळद, तिखट, मीठ घरीच मिसळून माणशी पुड्या बांधा.

चौघांसाठी २३० ग्रॅमची दोन गॅस सिलिंडरं पाच दिवसांच्या चहाला आणि दोन-तीन रात्रींच्या खिचडीला पुरतात. बाकी रात्री गावात जेवा. आदल्या दिवशी फोन करून सांगितलं तर भाकरी, पिठलं, ठेचा, भात असं गरम जेवण मिळतं, आणि सॅकमधलं किलोभर सामान कमी होतं. दर आधी विचारा, घासाघीस करू नका. या वाड्यांत वाणसामान लांबून येतं.

लाकडं जाळून स्वयंपाक करण्याचा मोह टाळा. डिसेंबरपासून धारेवरचं गवत पूर्ण वाळलेलं असतं. वारा सुटला की एक ठिणगी अख्ख्या सोंडेला वणवा लावते, आणि त्यात गुरांची वर्षभराची वैरण जाते. स्टोव्हसुद्धा कातळावर किंवा सारवलेल्या अंगणात पेटवा, गवतात नाही.

पाणी

प्रत्येक खात्रीच्या जागेवरून तीन लिटर भरून निघायचं. दिवसभरात चालताना ते संपलं पाहिजे. वाचवून ठेवलेलं पाणी तहान भागवत नाही. दर वीस मिनिटांनी दोन घोट, आणि दिवसातून दोनदा एका लिटरमध्ये ओआरएसचं पाकीट. नुसतं पाणी भरपूर प्यायलं आणि मीठ पोटात गेलं नाही तरी गोळे येतात, डोकं दुखतं. लघवी गडद पिवळी दिसली की तिथेच सावलीत थांबा.

टाक्यांमध्ये फरक असतो. कातळात आत खोदत नेलेली, वर छत असलेली टाकी जास्त स्वच्छ. उघड्यावरची, हिरवा तवंग धरलेली टाकी फक्त हात-पाय धुण्यापुरती, तेही पाणी बाहेर काढून. टाक्यात भांडं, साबण, पाय काहीच बुडवायचं नाही. तुमच्यामागून येणाऱ्यांना तेच प्यायचं असतं. पंचाच्या चार घड्यांतून गाळून घ्या आणि मग क्लोरीनची गोळी टाका किंवा उकळा. गोळीला किमान अर्धा तास द्या. गढूळ पाण्यात ती नीट काम करत नाही, म्हणून गाळणं आधी.

पाच दिवस

पहिला: गुंजवणे – राजगड – भुतोंडे खिंड. पुण्याहून वेल्ह्याच्या एसटीने मार्गासनीला उतरून गुंजवण्याला जाता येतं. आदल्या संध्याकाळीच पोचा. पहाटे साडेपाचला टॉर्च लावून निघालात तर चोर दरवाज्याने पद्मावती माचीवर आठच्या आत पोचता. शेवटचा टप्पा उभा कातळाचा आहे, तिथे रेलिंग आहे. सॅक घेऊन चढताना एका वेळी एकच जण.

राजगडावरच्या मुक्कामावर पुरातत्त्व विभागाने वेळोवेळी निर्बंध घातले आहेत. २०२५ साली राजगड आणि रायगड युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले, त्यामुळे नियमांकडे जास्त काटेकोरपणे पाहिलं जाणार हे धरूनच चला. ही आखणी गडावर न राहता करता येते. पद्मावती मंदिराजवळच्या टाक्यांतून पाणी भरा, बालेकिल्ला बघायचा तर सॅकपाशी एक जण बसवून जा. वानरं चेन उघडतात. दहापर्यंत संजीवनी माचीकडे निघा.

अळू दरवाज्यातून उतरणारी वाट ही या दिवसाची खरी परीक्षा. उतार मुरमाड आहे. त्यावर वाळलेलं गवत आडवं पडलेलं असतं आणि पाय साबणावर पडल्यासारखा सुटतो. टाच रोवून, गुडघे किंचित वाकवून, शरीर थोडं पुढे ठेवून उतरायचं. भीतीने मागे झुकलं की नक्की घसरायला होतं. खाली धारेला लागलं की वाट सोपी होते आणि दोन-अडीच तासांत वेल्हे–भुतोंडे रस्त्याच्या खिंडीत येते. तिथे आधी सांगून ठेवलेली जीप घ्या आणि वेल्ह्यात राहा. गाडी न ठरवता खिंडीत उतरलात तर संध्याकाळी वाहन मिळेलच असं नाही.

दुसरा: खिंड – तोरणा – हरपूड. हा सगळ्यांत लांबचा दिवस. सहाला खिंडीत हवे. खिंडीपासून तोरण्यापर्यंत धारेवर पाणी नाही. शनिवार-रविवारी ताक-सरबत विकणारे बसतात, पण त्यांच्यावर हिशेब बांधू नका. इथे माणशी तीन लिटरशिवाय गटात एक जादा लिटर ठेवा. बुधला माचीच्या जवळ कातळटप्पा आणि लोखंडी शिडी आहे. शिडीवर तोंड कातळाकडे, आणि पहिला पूर्ण वर गेल्याशिवाय दुसऱ्याने पाय ठेवायचा नाही. काठ्या मिटून सॅकला बांधा.

खात्रीचं पाणी मेंगाई देवीच्या मंदिराच्या बाजूला मिळतं. तिथवर जा, भरा, खा, आणि बारापर्यंत बुधल्याकडे परत फिरा. साडेबारा वाजून गेले असतील तर पुढे जाण्याचा हट्ट सोडून वेल्ह्याला उतरा. त्यासाठी तिकडून मळलेली वाट आहे. बुधल्यावरून गेळगाणीकडे उतरणारी सोंड अंधारात शोधण्यासारखी नाही. तिच्यावर फाटे आहेत, काही थेट कड्यावर जाऊन संपतात.

म्हणूनच या टप्प्याला वेल्ह्याहून वाटाड्या घ्यावाच. पैसे आदल्या दिवशी ठरवा आणि त्याच्या परतीचा दिवसही त्यात धरा. तुम्हाला हरपूडला सोडून त्याला परत यायचं असतं. त्याचं जेवण-पाणी तुमच्या हिशेबात.

गेळगाणीची धनगरवस्ती लागली की पुढे हरपूड. मुक्काम देवळात किंवा शाळेच्या पडवीत, विचारून.

तिसरा: हरपूड – वरोती – मोहरी. मुद्दाम हलका ठेवलेला दिवस. पाच-सहा तासांची चाल, मध्ये गावं, पाण्याची चिंता कमी. या भागात आता गाडीरस्ते पोचले आहेत. कुणाला पुढे जमणार नसेल तर त्याने इथेच थांबून घरी जाण्याची व्यवस्था करावी. नाळेत उतरल्यावर ती सोय नाही. दुपारी मोहरीत पोचून पाय धुवा, मोजे धुवा, झोपा.

चौथा: रायलिंग पठार – सिंगापूर नाळ – दापोली. पहाटे सॅक घरमालकाकडे ठेवून रायलिंग पठारावर जा. समोर लिंगाण्याचा सुळका, त्याच्यामागे रायगड, आणि मध्ये सरळ तुटलेला कडा. पाच दिवसांच्या चालीचं सगळं गणित इथे एका नजरेत कळतं. कड्याच्या टोकाला फोटोसाठी बसू नका, काठावरची माती सुटी आहे.

मोहरीहून कोकणात उतरायला दोन प्रसिद्ध वाटा आहेत. बोराट्याची नाळ लिंगाण्याच्या खिंडीकडे नेते. तिच्यात मोठाल्या धोंड्यांवरून उड्या आहेत आणि पुढे कड्याला बिलगून जाणारा आडवा टप्पा आहे, तिथे दृष्टिभय, म्हणजे खालची खोली बघून वाटणारी भीती, खूप. दोर लावता येणारा, सराव असलेला माणूस बरोबर नसेल तर तिकडे जाऊ नका. पहिल्या वेळी सिंगापूर नाळ घ्या. ती सिंगापूर गावाजवळून सुटते आणि खाली दापोली नावाच्या छोट्या गावात उतरते. रत्नागिरीतलं दापोली वेगळं. गाडी मागवताना हे नीट सांगा.

उतार पाच-सहाशे मीटरचा आहे आणि तीन ते चार तास लागतात. नाळेत वेग ताशी एक किलोमीटर धरला तरी पुष्कळ. दगडाच्या कडेवर पाय न देता मधोमध द्या, आणि मोठा दगडसुद्धा आधी अर्ध्या वजनाने चाचपून बघा. सगळ्यांत मोठा धोका वरून सुटणाऱ्या दगडाचा. अरुंद भागात दोनच पद्धती चालतात. एकतर सगळे अगदी जवळजवळ, म्हणजे सुटलेला दगड वेग घेण्याआधी अडतो. नाहीतर एक जण वळणामागे आडोशाला पोचेपर्यंत दुसऱ्याने हलायचं नाही. दहा-पंधरा फुटांचं अंतर सर्वांत वाईट. दगड सुटला की सुटणाऱ्याने लाज न बाळगता जोरात ‘दगड!’ ओरडायचं, आणि खालच्याने वर न बघता कड्याला चिकटायचं.

या कड्यांवर आग्या मधमाश्यांची पोळी असतात. अत्तर, धूर, सिगारेट, आरडाओरडा, ड्रोन यांतलं काही नको. माश्या उठल्याच तर हात झाडू नका. डोकं आणि तोंड पंचाने झाका आणि त्या जागेपासून शांतपणे पण लवकर दूर जा, झाडीत शिरा. काटे नखाने किंवा कार्डाने खरवडून काढा. ओठ-जीभ सुजली, श्वास अडकला, तर तो जिवाचा धोका आहे, तातडीने दवाखाना.

पाचवा: काळ नदीचं खोरं – रायगड. कोकणातली दमट हवा इथे पहिल्यांदा अंगावर येते, पाणी घाटावरच्यापेक्षा जास्त लागतं. पहाटे निघा, गावकऱ्यांना विचारत खोरं ओलांडा आणि रायगडवाडीकडे या. थकवा असेल तर हा टप्पा जीपने करण्यात कमीपणा नाही. रायगडाला चौदाशेच्या पुढे पायऱ्या आहेत आणि त्यांच्यावर सावली थोडी. गुडघे बोलायला लागले असतील तर चढा पायऱ्यांनी आणि उतरा रोपवेने. गड ८२० मीटर उंच. १६७४ साली राज्याभिषेक झाला ती जागा बघायला दोन तास तरी ठेवा. परतीला पाचाडहून महाड, तिथून एसटी.

वाट शोधणं

ऑफलाइन नकाशा आणि ट्रॅक उतरवून घ्या, फोन विमान-मोडवर ठेवा, १०,००० एमएएचची पॉवर बँक बरोबर. पण कड्यांमध्ये आणि नाळेत जीपीएस पन्नास-शंभर फूट सरकतं, आणि तेवढ्यात वाट आणि कडा यांचा फरक होतो. पायाखाली बघायला शिका. ढोरवाटा एकाच पातळीवर फाटत जातात, पुसट होतात, गवतात विरतात. माणसांच्या वाटेवर दगड गुळगुळीत झालेले असतात, कारवीवर कोयत्याचे घाव असतात, कातळात खोबण्या असतात, अवघड जागी दगडांची लगोर रचलेली असते. दहा मिनिटं यातलं काहीच दिसलं नाही तर शेवटच्या ओळखीच्या खुणेपर्यंत मागे या. ‘खाली गाव दिसतंय, सरळ उतरू’ या विचारानेच माणसं कड्यावर अडकतात. सह्याद्रीचा डोंगर पायऱ्यापायऱ्यांचा आहे. वरून उतार सलग दिसतो, पण मधला कातळ दिसत नाही.

गावकऱ्यांना विचारताना ‘दादा, ही वाट मोहरीलाच जाते ना?’ असं विचारू नका, उत्तर बहुतेक वेळा ‘हो’ येतं. ‘मामा, मोहरीला कुठून जायचं?’ असं विचारा आणि हाताने दाखवायला लावा. त्यांनी सांगितलेला अर्धा तास म्हणजे सॅक घेतलेल्या शहरी पायांचा एक तास.

गटात चार ते आठ जण असावेत. सगळ्यांत पुढे वाट जाणणारा, सगळ्यांत मागे तितकाच दमदार माणूस, आणि वेग सगळ्यांत हळू चालणाऱ्याचा. प्रत्येक फाट्यावर शेवटचा येईपर्यंत थांबायचं.

संध्याकाळचा क्रम

मुक्कामी पोचलं की आधी बूट काढा, मग चहा. पाय धुऊन पूर्ण कोरडे करा, बोटांच्या बेचक्यांत बघा. लाल, गरम लागणारी जागा म्हणजे उद्याचा फोड. रात्री ती उघडी ठेवा, सकाळी निघण्याआधी चिकटपट्टी लावा. चालताना जळजळ जाणवली तर त्याच क्षणी थांबा. ‘पुढच्या विश्रांतीला बघू’ म्हटलं की फोड आलाच. आलेला फोड शक्यतो फोडू नका. कातडी हे सर्वांत चांगलं बँडेज असतं.

देवळात उंदीर असतात. खाऊ सॅकमध्ये न ठेवता दोरीने टांगा. बूट आत घ्या आणि सकाळी झटकून घाला, विंचू असू शकतो. शौचाला पाण्यापासून साठ-सत्तर पावलं दूर, खुरप्याने वीतभर खड्डा, नंतर माती. पॅड, टिश्यू, प्लास्टिक सगळं घट्ट पिशवीत घालून शहरात परत न्यायचं, जाळायचं किंवा पुरायचं नाही. पाळीची तारीख ट्रेकमध्ये येत असेल तर दुप्पट सामान आणि गडद रंगाची वेगळी पिशवी घ्या, आणि मुलींच्या गटात कुणालातरी सांगून ठेवा, म्हणजे थांबायला संकोच होत नाही.

बिघडलं तर

निघण्याआधी घरच्या एका माणसाकडे कागद द्या. रोजचा मुक्काम, गावातला संपर्क, आणि किती वाजेपर्यंत फोन आला नाही तर काळजी करायची ती वेळ. ११२ आणि १०८ हे क्रमांक सगळ्यांना माहीत हवेत. गिर्यारोहकांच्या बचाव समन्वय केंद्राची, म्हणजे महाराष्ट्र माउंटेनियर्स रेस्क्यू कोऑर्डिनेशन सेंटरची हेल्पलाइनही फोनमध्ये साठवून ठेवा. रेंज नसेल तर जखमीजवळ एक जण ठेवून दोघांनी मिळून गावात जायचं, एकट्याने नाही. मिनिटाला सहा शिट्ट्या हा मदतीचा इशारा, तो गमतीत वाजवू नका.

साप चावला तर चिरायचं नाही, चोखायचं नाही, आवळून बांधायचं नाही. तो अवयव काठीला बांधून स्थिर करा, अंगठ्या-कडी काढा, माणसाला शक्यतो चालू न देता सरकारी रुग्णालयात न्या, घाटावर वेल्ह्याकडे, कोकणात महाडकडे. साप पकडायला किंवा मारायला जाऊ नका. प्रतिविष देताना डॉक्टर लक्षणं पाहून ठरवतात.

घरी परतल्यावर गरम पाण्याने अंघोळ करताना काखा, कंबर, गुडघ्यामागची जागा आणि केसांची मुळं नीट तपासा. गोचीड चिकटलेली असेल तर चिमट्याने कातडीजवळ धरून सरळ ओढा. तेल, काडी काही लावू नका. पुढच्या दोन-तीन आठवड्यांत जोराचा ताप, डोकेदुखी किंवा अंगावर कुठे काळी खपली दिसली, तर डॉक्टरांना आपण गवता-झुडपांत पाच दिवस चाललो हे आवर्जून सांगा. स्क्रब टायफसचा, म्हणजे झुडपांतल्या बारीक किड्यांच्या चाव्याने येणाऱ्या तापाचा, संशय त्यावरूनच येतो आणि वेळेत औषध सुरू झालं तर तो बरा होतो.